घुबडांची फोटोवाली

खालापुरात ज्याने म्हणून एखादा सरकारी कागद केला असेल, त्याच्या कपाळावरून झिनतचा कंगवा फिरलेला आहे. कचेऱ्यांच्या समोरच्या ओळीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून तिचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि कोपरा फुटलेला एक आरसा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की झिनत आधी कंगवा घेऊन त्याच्यापाशी येते. कंगव्याच्या टोकाने बट मागे सारते, बायकांचा पदर कानामागे घ्यायला लावते, पुरुषांची कॉलर सरळ करते आणि म्हणते, "कान दिसू द्या." सरपंच असो की साजगावच्या कारखान्यात नव्याने लागलेला पोरगा, कान दिसल्याशिवाय बटण दाबलं जात नाही. एका फौजदाराने टोपी काढायला खळखळ केली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, टोपीचा फोटो पायजे तर टोपी ठेवून जावा, उद्या देते." साहेबांनी मुकाट्याने टोपी काढली.

हे वळण तिला बापाचं. झाकीरभाईंनी हा स्टुडिओ काढला तेव्हा फोटो धुवायला अंधारी खोली लागायची. "चेहरा अल्लाने दाखवायला दिलाय, झाकायला नाय," असं ते म्हणायचे, आणि चेहऱ्यावर सावलीची रेघ आली तरी फोटो फाडून टाकायचे. ते गेले तेव्हा झिनत पंचविशीत होती. दुकान विकून मोकळं व्हा, असा सल्ला देणारे पुष्कळ निघाले. तिने दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे खोदून विचारणाऱ्यांचे फोटो ती मुद्दाम वाईट काढते असं तिची आई हवाबी सांगते, आणि भिंतीवरचे काही नमुने बघितले की त्यात तथ्य असावं असं वाटतं.

घुबडांच्या नादाला तिला लावलं गंगाबाईने. गंगाबाईची तालुक्याच्या गावापासून थोड्या अंतरावर भातशेती आहे, आणि शेताच्या वरच्या अंगाला गवताचा माळ. कुठल्याशा कामासाठी ती फोटो काढायला आली होती. झिनतने नेहमीसारखी हनुवटी वर घ्यायला लावली, डोळे मोठे करायला सांगितले. गंगाबाई वैतागली. "माजा फोटो कसला काडतेस गं," ती म्हणाली. "माज्या माळावर ये. तिथं एक बसलंय, तुज्यासारकंच डोळे वटारून बघतं."

झिनत गंमत म्हणून गेली. माळाच्या वरच्या टोकाला खडकाळ पट्टा आहे, तिथे विळा चालत नाही म्हणून गवत उभंच राहतं. त्या गवतातल्या एका धोंड्यावर ते बसलं होतं. चांगलं मोठं, मातकट रंगाचं, डोक्यावर पिसांची दोन शिंगं आणि निखाऱ्यासारखे डोळे. शृंगी घुबड. मान सरळ, नजर थेट कॅमेऱ्यात, पापणी हलेना. एवढ्या वर्षांत इतकं शिस्तीत बसणारं गिऱ्हाईक झिनतने पाहिलं नव्हतं. ती तिथल्या तिथे प्रेमात पडली, दुसरा शब्द नाही.

हवाबीने कपाळावर हात मारला. "लोक मोराचे फोटो काडतात, आमची बया घुबडाचे," ती शेजारणींना सांगायची. बाजारातही थोडी टवाळी झाली. घुबड दिसलं की लोक वाट बदलतात, ही त्याच्या मागे जाते. पण झिनतने एकदा मनावर घेतलं की तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ओळखीच्याकडून तिने जुनी लांब लेन्स घेतली. जुनी चादर लाल मातीच्या पाण्यात बुडवून वाळवली, म्हणजे अंगावर घेतली की माळावर ती ओळखू येऊ नये. घुबडाकडे सरळ चालत जायचं नाही, दुसरीकडेच काही काम असल्यासारखं तिरकं जायचं, हे ती चुका करत शिकली. दर रविवारी पहाटे ती स्कूटी बांधाला लावायची आणि गंगाबाईच्या खोपटात, गवताच्या पेंढ्यांच्या आड, कॅमेरा मांडीवर घेऊन बसायची. दुकानात गिऱ्हाइकाने दोनदा डोळे मिटले तर जिचा आवाज चढतो, ती बाई तिथे तास न् तास अक्षर न बोलता बसायची. मी तर म्हणेन की खालापूर तालुक्यात असा हट्ट दुसऱ्या कुणाचा नसेल.

मोठ्या घुबडांचे तिने एकाहून एक फोटो काढले. पिल्लांचे मात्र जमेनात. हे घुबड घरटं बांधत नाही, धोंड्याच्या आडोशाला उघड्या जमिनीवरच अंडी घालतं, आणि पिल्लं गवतात असतात. पहिल्या वर्षी तिला कळायच्या आत ती उडून गेली. दुसऱ्या वर्षी अंडीच फुटली नाहीत. यंदा दोन पिल्लं निघाली. थोरलं तलंग म्हणजे तरण्या कोंबडीएवढं, धाकटं त्याहून बरंच लहान, अंगावर मळकट पांढरी लव. पण फोटोत यायचं काय, तर एक डोळा, अर्धी चोच आणि मध्ये गवतच गवत. झिनतला झोप लागेना. तिला दोघांचा समोरून, दोन्ही डोळे दिसतील असा एक फोटो हवा होता. पिल्लं चालायला लागली की गवतात पांगणार, मग संपलंच.

रमजान चालू होता. त्या दिवशी सहेरीचं पहाटेचं खाणं उरकून ती उजाडायच्या आधीच माळावर पोचली. ऊन वर येईपर्यंत बसली. लेन्समध्ये तेच, एक डोळा आणि दहा काड्या. शेवटी तिने कधी न केलेली गोष्ट केली. उठली आणि सरळ धोंड्याकडे चालत गेली.

मादी जवळच होती. ती उडाली आणि थोड्या अंतरावर जमिनीवर पडून एक पंख ओढत फडफडायला लागली, जणू मोडलाच आहे. हे सोंग झिनतला ठाऊक होतं. माणूस आपल्यामागे यावा आणि पिल्लांपासून लांब जावा, म्हणून आई असं करते. झिनत मागे गेली नाही. ती पिल्लांपुढे वाकली आणि वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीने तिचा हात पुढे झाला. डोळ्यांवर येणारी काडी खुडली. मग दुसरी. बाजूचं गवत मागे सारलं, पायाने दाबलं. पिल्लांनी पंख फुगवले, चोची टकटक वाजवल्या. ती चार पावलं मागे सरली, गुडघ्यावर बसली आणि तिने बटण दाबलं. चार डोळे, दोन चोची, लवेचा केस न् केस. झाकीरभाई असते तर त्यांनी तो फोटो दुकानाच्या काचेत लावला असता.

ती खोपटाकडे परतली. मादीही उडून पलीकडच्या झाडात गेली. झिनत पेंढ्यांना टेकून कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून बघत होती, तेवढ्यात कावळा ओरडला. मग आणखी एक. तिने मान वर केली तर धोंड्यावर दोन कावळे उतरले होते आणि माना तिरक्या करून खाली बघत होते. खोपटातूनसुद्धा, नुसत्या डोळ्यांनी, तिला दोन पांढरे ठिपके स्वच्छ दिसत होते. सकाळी इथूनच लेन्स लावूनही एका डोळ्यापलीकडे काही दिसत नव्हतं. आपण चेहरा मोकळा केला तो सगळ्यांनाच मोकळा केला, हे तिला तेव्हा कळलं.

ती धावली. कावळे उडाले. तिने खोपटातून एक पेंढी आणली आणि काड्या मातीत खोचून पडदा उभा करायला लागली. पण मार्चमधलं गवत म्हणजे काही माणसाचे केस नव्हेत, मागे सारलेलं पुन्हा पुढे येत नाही, आणि खोचलेली काडी वाऱ्याच्या पहिल्या झुळकेला आडवी होते. वर तिच्या हाताला भिऊन धाकटं पिल्लू सरकत सरकत आणखी उघड्यावर आलं. झिनतचे हात थांबले. सुधारायला जावं तसं बिघडत होतं. आता या हातांनी काही करायचं नाही, असं तिने ठरवलं. मागे जाऊन, कावळ्यांना धाक वाटेल आणि पिल्लांना वाटणार नाही एवढं अंतर राखून, ती उन्हात उघड्यावर बसली. ओंजळभर ढेकळं जवळ घेतली. कावळा उतरला की ढेकूळ मारायचं. तेही नेम लांबचा धरून, कारण घुबडाला दगड लागला तर ते तो उचलून पाण्यात नेऊन टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तिचा त्यावर विश्वास नव्हता, पण त्या दिवशी आणखी भर नको होती.

दुपारी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन गंगाबाई बांधावरून चालली होती. माळावर मातकट चादर पांघरून कुणीतरी ढेकळं फेकतंय हे बघून ती जवळ आली. झिनतने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. गंगाबाईने गवताकडे बघितलं, पिल्लांकडे बघितलं.

"रोजा हाय ना तुजा? तोंड बघ कसं झालंय. घरी जा, मी बसते," ती म्हणाली.

"नको मावशी. केलंय मी, बसणार पण मीच."

"मग मी काय नाचू?" असं म्हणून गंगाबाईने भारा टाकला, पदर डोक्यावर ओढला आणि शेजारी बसकण मारली. "मला पण दे चार ढेकळं. तुजा नेम बायकांसारखा हाय."

"आणि तुझा?"

"माजा शेतकऱ्यासारखा."

दोघी तशाच बसल्या. कावळे समोरच्या झाडावर जमले, हटेनात. ऊन तापलं तशी पिल्लं चोची उघडून धापा टाकायला लागली. झिनतच्या घशाला कोरड होती, पण तिला स्वतःच्या तहानेपेक्षा ती धाप बघवत नव्हती. एकदा ती हळूच म्हणाली, "धाकटं टिकेल काय गं मावशी?" गंगाबाईने खोटा धीर दिला नाही. "बघू," एवढंच म्हणाली.

दिवस कलला. धोंड्याची सावली सरकत पिल्लांवर आली. कावळे एकेक, दोनदोन करत गावाकडच्या झाडांकडे रात्रीच्या वस्तीला निघाले. शेवटचा कावळा गेला आणि मादी आली. पलीकडच्या खडकावर उतरली, चोचीत भलामोठा उंदीर. मागे केशरी आभाळ, पिसं न् पिसं उजळलेली, शिंगं ताठ. असा फोटो माणसाला जन्मात एकदा मिळतो. झिनतचा हात कॅमेऱ्याच्या पिशवीच्या चेनकडे गेला. मादी तिच्याकडेच बघत होती. उंदीर चोचीत होता, पिल्लं खाली चिरचिरत होती, आणि ती उतरत नव्हती. झिनतने हात मागे घेतला.

"चल मावशी," ती म्हणाली. "आपण असेपर्यंत ती खाली यायची नाय."

दोघी पाठ करून चालू लागल्या. मागे वळून बघायचा मोह गंगाबाईला झाला, झिनतने तिचा दंड धरून तिला पुढे घेतलं. बांधावर पोचल्या तेव्हा गावाकडून अजान ऐकू आली. झिनतने पिशवीतून खजूर काढले, एक गंगाबाईच्या हातावर ठेवला, एक स्वतः तोंडात टाकला. माळावर या वेळी कुणाकुणाचे उपास सुटतात की नाही, या काळजीने तिला तो गिळवेना. घरी हवाबीने विचारलं, "फोटो मिळाला काय?" ती "मिळाला" म्हणाली आणि जेवायला बसली. तो फोटो तिने आजतागायत कुणाला दाखवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सहेरी झाल्याबरोबर ती निघाली. गंगाबाई बांधावर आधीच येऊन उभी होती, तिलाही राहवलं नव्हतं. उजाडलं. धोंड्याच्या पायथ्याशी कालची मोकळी जागा तेवढी दिसत होती, आणि ती रिकामी होती. झिनतने लेन्स लावली. लव नाही, पीस नाही, रक्त नाही, नुसती दाबलेली काडी. गंगाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग वरच्या अंगाने, जिथे गवत कमरेएवढं दाट आहे तिथून, आवाज आला. लोखंडी पत्र्यावरून खिळा ओढावा तसा, चिरका. पिल्लू भूक लागल्यावर असं ओरडतं. थोड्या वेळाने त्याच्या पलीकडून दुसरा, बारीक आवाज. काल अंधारात आईने दोघांना बोलावत, चालवत वर नेलं होतं. झिनतने त्या दिशेला लेन्स वळवली. काड्या, काड्यांमागे काड्या. इकडून तिकडे सगळा पट्टा तिने चाळून काढला.

"दिसतात काय गं?" गंगाबाईने विचारलं.

झिनतने कॅमेरा खाली घेतला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"नाय मावशी," ती म्हणाली. "अजिबात नाय दिसत."