चितेगावच्या शेडची किल्ली

डॉ. शाहीन पटेल यांचे गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, चितेगाव येथील एका कारखान्यात निधन झाले. वय बावन्न. मृत्यूचे कारण हृदयविकाराचा तीव्र झटका, असे रुग्णालयाने नोंदवले आहे. पाण्याचा नमुना घेण्यासाठी त्या तिसऱ्या टाकीवर वाकल्या आणि तिथेच खाली बसल्या. काचेची बाटली हातात होती. ती फुटली नाही.

बातमी आधी लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. दुसऱ्या कुणाकडून खात्री केल्याशिवाय बातमी धरायची नाही, ही वर्तमानपत्रातली जुनी सवय. त्या सवयीने मी फोन लावला तो शाहीनलाच. काय केले हे लक्षात येईपर्यंत पलीकडे कारखान्याच्या मालकाने फोन उचलला होता. "मी वाघ बोलतोय, साहेब. मॅडमचा फोन माझ्यापाशी हाय..." मागे पंपाचा आवाज येत होता. तो बंद करायचे कुणाला सुचले नव्हते.

आदल्या संध्याकाळी शाहीनशी बोलणे झाले होते. "ओ पेपरवाले, उद्या चितेगावला येता का? पाणी दाखवते. अगदी पिण्यासारखं नाय, पण छापण्यासारखं झालंय." मी पुढच्या आठवड्याचे सांगितले. ती दररोज पहाटे हर्सूल तलावाकडे फिरायला जाणारी, चार जिने न थांबता चढणारी बाई. पुढचा आठवडा येणार, याबद्दल शंका घेण्याचे काही कारण नव्हते.

आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. ती लासूर स्टेशनहून रोज गाडीने यायची. वडिलांची तिथल्या बाजारात अडत होती. ते दिवसभर मराठीत भाव करत आणि घरी दखनीत रागावत, असे ती सांगायची. रसायनशास्त्रात पीएचडी झाल्यावर बाहेरच्या नोकऱ्या चालून आल्या, पण ती शहरातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवू लागली. मुले शिकतात इथे आणि नोकरीला जातात पुण्याला, ही तिची नेहमीची तक्रार. त्यावर भाषण करण्याऐवजी ती विद्यार्थ्यांना घेऊन पैठण रस्त्यावरच्या छोट्या कारखान्यांत जाऊ लागली.

ज्ञानेश्वर वाघ यांची शेड त्यातलीच एक. वाहनांना लागणाऱ्या नट-बोल्टांवर तिथे जस्ताचा मुलामा चढतो. मुलाम्यानंतर माल पाण्यात बुडवून धुतात आणि ते पाणी जस्त घेऊन बाहेर जाते. शेजारच्या विहिरीपर्यंत ते पोचू लागले होते. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने सांगितले होते, पाणी सुधारा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ. तेव्हा शाहीन पहिल्यांदा शेडच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, आधी सांगा. नोटीस देणार का चहा घेणार?" वाघ यांनी विचारले.

"चहा. पण नोटीसवालेबी चहा घेतात ना?"

"घेतात. म्हणून तर इचारलं."

तिने नमुना घेण्याआधी बाटली टाकीतल्याच पाण्याने तीनदा विसळली. वाघ यांना ते पटेना. "धुतलेली बाटली घाण पाण्यानं धुता व्हय?" शाहीन म्हणाली, "भाऊ, आत आधीचं काही राहिलं तर तुमच्या पाण्याच्या नावानं भलतंच बोलेल ती." पुढे वाघ यांनी या विसळण्यावरून तिची दरवेळी थट्टा केली आणि तिने दरवेळी बाटली तीनदाच विसळली.

शाहीनने उपाय सुचवला: धुण्यासाठी एकाऐवजी तीन टाक्या, एकापुढे एक. ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडायचे, ते उलटे पहिल्या टाकीकडे आणायचे आणि तिथून पुन्हा मुलाम्याच्या हौदात वापरायचे. पाणी कमी लागते, जस्त आतल्या आत राहते. प्रयोगशाळेत हे चोख जमले. शेडमध्ये पहिलाच लॉट वाळला आणि प्रत्येक बोल्टवर पांढरे डाग उठले. सगळा माल परत आला. कारण शोधायला वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत शुद्ध केलेले पाणी वापरले होते, शेडमध्ये बोअरचे, क्षारांनी जड झालेले, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरात आल्याने ते क्षार साठत गेले. कंपनीचा माणूस वाघ यांना झापत असताना शाहीन मध्ये बोलली, "चूक माझी आहे. यांच्या पाण्यावर मी प्रयोगच केला नव्हता." तो गेल्यावर वाघ म्हणाले, "मॅडम, तुमच्या लॅबमधी पाणीसुदिक शिकलेलं. आमचं अडाणी."

शेवटच्या टाकीत जाणाऱ्या पाण्यातले क्षार आधी काढण्याची सोय झाली आणि डाग गेले. पण शाहीनने त्यानंतर एक पद्धत पाडली. महाविद्यालयाला शाल, नारळ आणि फोटोसह सामंजस्य करार हवा होता. ती म्हणाली, फोटो नंतर काढू. तिने प्रयोगशाळेची एक किल्ली वाघ यांना दिली आणि शेडची एक किल्ली स्वतःकडे मागून घेतली. त्यांना वाटेल तेव्हा त्यांनी पाणी घेऊन यावे, मुलांना वाटेल तेव्हा मुलांनी शेडमध्ये जावे. प्राचार्यांनी नाखुशीने होकार दिला. मग शेजारच्या आणखी काही शेडमालकांनीही तिच्याशी किल्ल्यांची अदलाबदल केली. दर शनिवारी ते बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत येत आणि पाणी तपासून कंपनीसाठी त्याची नोंद नेत. वाघ यांचे काम कुठे गेले नाही. शाहीनचे दोन विद्यार्थी शिकून झाल्यावर पुण्याला न जाता त्यांच्याकडेच लागले. फोटो काढायचा राहून गेला...

मंगळवारी संध्याकाळी लासूर स्टेशनला दफन झाले. वाघ यांच्या शेडमधले झाडून सगळे कामगार आले होते. त्यातल्या अनेकांनी सकाळचे कपडे बदललेले नव्हते.

त्याच आठवड्यात महाविद्यालयाने प्रयोगशाळेला दुसरे कुलूप लावले. उपकरणांचा ताबा नव्या प्राध्यापकांकडे जाईपर्यंत ही व्यवस्था आहे, असे सांगण्यात आले. ताबा कधी जाणार, हे सांगण्यात आले नाही. शनिवारी वाघ बाटल्या घेऊन गेले. त्यांच्या किल्लीने पहिले कुलूप उघडले. दुसरे उघडले नाही. कंपनीची तपासणी जवळ आली आहे आणि दर आठवड्याच्या पाण्याची नोंद दाखवता आली नाही, तर काम थांबू शकते.

रुग्णालयाने शाहीनचे सामान तिच्या भावाकडे, इरफान यांच्याकडे दिले होते. त्यात किल्ल्यांचा जुडगा होता. ज्याची किल्ली त्याला परत करावी म्हणून इरफान चितेगावला गेले. मी बरोबर होतो. वाघ यांनी जुडग्यातली आपल्या शेडची किल्ली ओळखली, पण हात पुढे केला नाही.

"आपाची आठवण आहे, ठेवता का?" इरफान यांनी विचारले.

"आठवण कशापायी? चालती किल्ली हाय. ती माघारी घेतली तर सगळंच मिटलं, भाऊ. पोरांकडं द्या."

इरफान यांनी तो जुडगा शाहीनच्या विद्यार्थिनीला, ऋतुजा जाधव हिला दिला.

मागच्या शनिवारी वाघ शेडवर पोचले तेव्हा दार आधीच उघडे होते. ऋतुजा आणि तिचे दोन वर्गमित्र आत होते. त्यांच्याकडे जागेवर पाणी तपासण्याची छोटी पेटी होती. या तपासणीची नोंद कंपनी मान्य करील का, ते अद्याप कळलेले नाही. प्रयोगशाळेचे दुसरे कुलूप निघालेले नाही. ऋतुजा तिसऱ्या टाकीवर वाकली. तिने आधी बाटली टाकीतल्याच पाण्याने तीनदा विसळली आणि मग भरली.