गल्ली चारची चाळीस मिनिटं

दिवाकरकाका पाणी सोडतात. मनवेलपाड्यातल्या आमच्या सात गल्ल्यांना टाकीचं पाणी त्यांच्या हातून मिळतं. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी, पायात रबरी चपला, खिशात खडू. सकाळी सहाला पहिली गल्ली. शेवटी सातवी, आमची.

सातव्या गल्लीच्या तोंडाशी नर्मदामावशींचं घर आहे. त्यांच्या भिंतीवर काळा रंग फासून काकांनी फळा केलाय. कुठल्या गल्लीचं पाणी किती वाजता सुरू, किती वाजता बंद, ते रोज लिहितात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते ठेकेदाराकडे आहेत, महिन्यामहिन्याच्या बोलीवर.

"मग कशाला लिहिता?" मी एकदा विचारलं.

"आमच्या वसईच्या वाडीत एका विहिरीवर तीन घरांच्या बागा. कुणाची पाळी किती वेळ झाली, ते पंपाच्या खोलीवर कोळशानं लिहायचं. भांडणं व्हायचीच. पण भिंतीकडे बघून व्हायची." मग हसले. "तू काय अक्षया, शुद्धलेखन तपासायला आलीस?"

गेल्या मे महिन्यात काकांकडे त्यांच्या भाचीची, पिंकीची, हळद होती. काकांचं घर चौथ्या गल्लीत. त्या दिवशी आमच्या नळाला दहा मिनिटं पाणी आलं आणि गेलं. टाकी संपली होती. नर्मदामावशी रिकामा हंडा घेऊन तरातरा फळ्याकडे निघाल्या. मी मागून.

फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं.

'गल्ली चार: चाळीस मिनिटं जास्त. कारण: माझ्या घरी हळद. गल्ली सात: पाणी पुरलं नाही. चूक माझी. दिवाकर.'

मी दोनदा वाचलं. पाणी न येण्याचं कारण म्हणून आजवर मी एकच शब्द वाचला होता: तांत्रिक. तीन वर्षं मराठी साहित्य शिकले. 'चूक माझी' हे दोन शब्द कामाच्या ठिकाणी, खाली सही करून लिहिलेले पहिल्यांदाच पाहत होते.

काका तिथंच उभे होते. कानामागे हळद.

"म्हणजे तुमच्याकडची हळद धुवायला आमचे हंडे कोरडे?" मावशी म्हणाल्या.

"हो."

"नुसतं हो?"

"विनया म्हणाली, पाहुण्यांच्या आंघोळी राहिल्यात, थांबा जरा. थांबलो."

"बायकोवर ढकलू नका."

"नाही. चावी माझ्याच हातात होती. उद्या चारची चाळीस मिनिटं कापून तुम्हाला देतो."

"उद्या लग्न ना तुमच्याकडे?"

"हो. दुपारी."

मावशींनी हंडा खाली ठेवला.

एवढ्यात जितेंद्र आला. ठेकेदाराचा सुपरवायझर. कुणीतरी फळ्याचा फोटो फिरवला होता. स्कूटर बंद न करताच तो ओरडला, "पुसा ते आधी! असं कुणी लिहितं का? उद्या वरून विचारणा झाली की तुम्ही घरी बसाल, आणि तुमच्या मागोमाग मी."

"आजचं पुसलं, तर आधीचं खरं होतं हे कोण मानेल?"

"अहो काका, नोकरी जाईल. पुढच्या महिन्याची कामगारांची यादी अजून व्हायचीय."

घरी पाहुणे, उद्या लग्न, नोकरी ही अशी. काकांनी फडकं ओलं केलं. मला वाटलं, पुसणार. माझी काही हरकतही नव्हती, खरं सांगते.

त्यांनी फडकं जितेंद्रपुढे धरलं. "तुम्ही पुसा. मला नाही जमायचं."

गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. जितेंद्रनं फडकं घेतलं.

"भिंत माझी आहे हो," नर्मदामावशी म्हणाल्या. "जपून."

जितेंद्रनं भिंतीकडे पाहिलं. बायकांकडे पाहिलं. मग त्या फडक्यानं स्कूटरची सीट पुसली, "बघतो उद्या," म्हणाला आणि गेला.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत काकांचं नाव होतं. त्याच्या पुढच्याही. बोली अजून महिन्याचीच आहे.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी कोरा सदरा घातला होता आणि त्यावर चावी. चौथ्या गल्लीचं पाणी त्यांनी चाळीस मिनिटं आधी बंद केलं. लग्नघरातून आरडाओरडा ऐकू आला. विनयाकाकू दारात उभ्या होत्या. नवरा दिसताच आत वळल्या.

आमचे नळ मात्र धो धो वाहत होते. नर्मदामावशींनी दोन हंडे भरले. एक डोक्यावर, एक कमरेवर. "बघतेस काय? कळशी उचल," मला म्हणाल्या. आम्ही चौथ्या गल्लीकडे निघालो. मागून आणखी बायका निघाल्या.

परतलो तेव्हा काका फळ्यावर लिहीत होते. 'गल्ली चार: चाळीस मिनिटं कमी. कारण: काल.'

मावशींनी त्यांच्या हातातून खडू घेतला. वाकड्या अक्षरात खाली लिहिलं, 'सातकडून चारला नऊ हंडे.' थोडा विचार केला. 'आणि एक कळशी.'