गोठ्याला घरपट्टी नाही

आमच्या घराची नगरपालिकेच्या दप्तरात डेअरी म्हणून नोंद झाली, त्या दिवशी आमच्या घरात चहाला दूध नव्हतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. बातमी आली तेव्हा मीही पेढे वाटले होते. (स्वतःच्या पैशानं! हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मला कुणी सहानुभूती दाखवली नाही.) जिल्हा म्हणजे काय, हे कळायला मात्र थोडे दिवस जावे लागले. कलेक्टर कचेरी आली, तिच्यामागे छत्तीस खाती आली, खात्यांमागे कारकून आले आणि कारकून खोल्या शोधत गल्लोगल्ली फिरू लागले. त्यामुळं भाडी वाढली. भाडी वाढली म्हणून, घराला किती भाडं येऊ शकेल त्यावर बसणारी घरपट्टीसुद्धा वाढणार होती. घर तेच, गळणारी माडी तीच, मोरीतला तुंबलेला पाइप तोच. पण आता तो जिल्ह्याच्या ठिकाणचा तुंबलेला पाइप होता. शेजारच्या गल्लीत नव्या पट्टीच्या नोटिसा आल्या, तेव्हा लोक त्या हातात घेऊन ओट्यावर नुसते बसून राहिले.

त्यात दुष्काळ. माझं भांड्यांचं दुकान. पाऊस नाही म्हणजे लग्नं नाहीत, आणि लग्नं नाहीत म्हणजे भांडी नाहीत. दिवसभर मी हंडे पुसत बसायचो. इतके पुसले की काहींची नक्षी गेली.

शेवटी मी आणि बायकोनं, कमलनं, बसून ठरवलं. समोरची खोली भाड्यानं द्यायची. त्या खोलीत माझे वडील, अप्पा, राहायचे. त्यांना मुखेडला धाकट्या भावाकडं पाठवायचं. अप्पांची बाज त्या खोलीच्या खिडकीला लागून होती. सकाळी पूजा झाली की ते खिडकीत बसायचे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथं थांबून आपलं दुखणं-खुपणं सांगून पुढं जायचा. मुखेडला त्यांना ओळखणारं कोण होतं? एक माझा भाऊ, आणि तो मास्तर, दिवसभर शाळेत!

मी घाबरत घाबरत विषय काढला. अप्पा म्हणाले, "बरं." बस्स, तेवढंच. संध्याकाळी पाहतो तर त्यांनी आपली पत्र्याची पेटी भरून बाजेखाली ठेवलेली. भांडले असते तर बरं झालं असतं.

ह्या अवस्थेत मी समोरच्या हमीदभाई टेलरकडं जाऊन बसलो. मोहल्ल्यातले सगळे कायदे हमीदभाईंच्या मशीनखालून जायचे. त्यांनी पायडल थांबवलं, तोंडातला दोरा काढला आणि म्हणाले, "मन्मथशेठ, फिकीर कायको करते? गोठ्याला घरपट्टी न्हाई लागत. समोर जनावर बांधा. मोजणीवाला आला की म्हणा, ये खोली नै, गोठा है!"

मला ते एकदम पटलं! खोली गोठ्यात गेली की पट्टी उतरेल, पट्टी उतरली की भाडेकरू नको, भाडेकरू नको म्हणजे अप्पा घरातच. राहता राहिला प्रश्न म्हशीचा. माझा मेहुणा बस्वराज रेणापूरजवळच्या एका खेड्यात शेती करायचा. ओळखीच्या एसटी कंडक्टरबरोबर मी त्याला निरोप धाडला: 'चार दिवसांसाठी एक म्हैस पाठव. कडबा माझ्याकडं.'

दुष्काळाच्या साली 'कडबा माझ्याकडं' हे शब्द मराठवाड्यात तोंडातून काढायचे नसतात, हे मला माहीत असायला हवं होतं. पण मी पडलो भांडीवाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारात घंटांचा आवाज. बस्वराज उभा, मागं तीन म्हशी आणि एक म्हातारा बैल.

"अरे, एक सांगितली होती की रे!"

"दाजी, एकलीला करमत न्हाई तिला," बस्वराज म्हणाला आणि माझ्या पाया पडला. पाया पडलेल्या मेहुण्याला परत पाठवता येत नाही.

"दूध तरी देतात का?"

"दूध? दाजी, समद्या भाकड हायेत. दुभतं जनावर कोन देतंय दुसऱ्याला?"

हेही खरंच होतं. दुपारी औशाहून कमलची मावशी आली, दोन कालवडी घेऊन. तिला कुणी निरोप दिला होता? कंडक्टरनं! त्या भल्या माणसानं माझा निरोप रेणापूरपासून औशापर्यंत प्रत्येक थांब्यावर पोचवला होता. मावशी ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "कमळे, तुझा नवरा देवमानूस हाय बग. अशा टायमाला छावनी काडली त्यानं!"

"अगं, छावणी नाही, मावशी—" मी म्हणालो.

"गप बसा," कमल माझ्या कानाशी म्हणाली. "माझ्या माहेरचं मानूस पहिल्यांदा तुम्हाला देवमानूस म्हणून राहिलं. खाली बघू नका, हसा."

मी हसलो. तिसऱ्या दिवशी कमलच्या चुलतभावाची जनावरं आली तेव्हाही हसलो. नंतर हसायचं विसरलो.

समोरच्या खोलीतली शहाबादी फरशी म्हशीच्या खुरांसाठी केलेली नव्हती. चंद्री नावाची सगळ्यांत मोठी म्हैस आत आली, घसरली, बसली आणि तिनं उठायला साफ नकार दिला. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर खाल्लं. (पावसाची नक्षत्रं छापलेलं पान तिनं आधी खाल्लं, आणि मला वाईट वाटलं नाही.) मग अप्पांनी पूजेला आणलेला बेल टोपलीसकट ओढला. मी धावलो. अप्पा बाजेवरून शांतपणे म्हणाले, "खाऊ दे रे. म्हादेवाचंच हाय." दोन दिवसांत ते तिला घरातलं बोलणं सांगू लागले आणि ती कान हलवून ऐकू लागली. माझं मात्र घरात कुणी ऐकत नव्हतं.

पाण्याचं तर विचारू नका. टँकर यायचा तेव्हा गल्ली घागरी घेऊन धावायची. आम्ही दोघं नवरा-बायको रांगेत उभं राहून भरलेला हौद चंद्री एका दमात रिकामा करायची. मी तांब्याभर पाण्यात आंघोळ करू लागलो. रांगेतल्या बाया ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्या लेकरास्नी पाणी न्हाई, आन् ह्यांच्या म्हशी पोहून राहिल्या!" कमल मान खाली घालून घागर उचलायची. तिच्या मानेवर चुंबळीचा वळ पडला होता. मला तिच्याकडं बघवत नसे.

घरपट्टीसाठी घरं मोजणारे नगरपालिकेचे साहेब सोमवारी येणार होते. कुठला सोमवार, ते कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवसांची म्हैस पंधरवडा झाला तरी कडबा खात होती. कडब्याची पेंढी मिळेना झाली, तेव्हा मी दुकानातले मोठे हंडे देऊन कडबा घेतला. आणि एका सकाळी बस्वराजचा म्हातारा बैल अंगणात बसला तो उठलाच नाही. बस्वराजला बोलावून घेतलं. तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून बसला. मला वाटलं, आता मला बोल लावणार.

"दाजी," तो म्हणाला, "गावाकडं ऱ्हायला असता तर उपाशी गेला असता. तुमच्या दारात पोटभर खाऊन गेला. लई झालं."

मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. तेव्हा पाणी वाया गेलं म्हणून मला कुणी बोललं नाही.

आणि नेमके त्याच दुपारी साहेब आले! हातात टेप, काखेत वही. समोरच्या खोलीत डोकावले. चंद्रीनं त्यांच्याकडं पाहिलं.

"ही खोली?"

"खोली नाही साहेब, गोठा!" मी छाती काढून म्हणालो.

"गोठ्यात बाज?"

"ते... राखणदार असतात. अप्पा, नमस्कार करा."

अप्पांनी नमस्कार केला.

"एवढी जनावरं तुमची?"

आता 'पाहुण्यांची' म्हणालो तर गोठा तात्पुरता ठरणार! मी म्हणालो, "हाव साहेब, समदी आमचीच. पिढीजात!"

"मग दूध भरपूर असेल."

"लई! अख्ख्या गल्लीला आमचंच दूध जातं. रतीबच लावलेत लोकांनी."

मागं दारात कमल उभी होती. ती कपाळावर हात मारून घेत होती, आणि मला वाटलं माशी बसली असेल. साहेबांनी वहीत बरंच लिहिलं. महिन्यानं नोटीस आली. घरचा गोठा वेगळा आणि दुधाचा धंदा वेगळा. आमच्या वास्तूचा वापर होता 'दुग्धव्यवसाय, व्यापारी', आणि व्यापारी वापराला पट्टी जास्त! ती नोटीस मी बिनदुधाचा चहा पीत वाचली.

हरकतीच्या सुनावणीला मी कमलला बरोबर नेलं. खुर्चीवरचे अधिकारी वयस्क होते.

"साहेब, सगळी भाकड जनावरं आहेत. थेंबभर दूध नाही."

"तुम्हीच सांगितलंत, रतीब आहेत म्हणून."

"ते खोटं होतं, साहेब."

"आणि हे?"

"हे खरं आहे, साहेब."

"मग जनावरं कुणाची?"

"हिच्या माहेरची."

"चारा कोण घालतं?"

"मी."

"त्याचे काय घेता?"

"काही नाही. देवमाणूस म्हणतात."

साहेबांनी चष्मा काढून कमलकडं पाहिलं. "बाई, हे घरीसुद्धा असेच आहेत का?"

"हाव साहेब," कमल म्हणाली. "घरी जास्त."

त्यावर साहेबांनी डेअरी काढून टाकली. वास्तू राहण्याची ठरली, समोरच्या खोलीसकट आणि जिल्ह्याच्या नव्या दरानं. म्हणजे इतका खटाटोप करून मी जिथून निघालो तिथंच परत आलो, फक्त हंडे गेले. तोवर औसा रोडला जनावरांची सरकारी छावणी उघडली होती. बस्वराजनं सगळी जनावरं तिकडं हलवली. चंद्री जाताना अप्पा खिडकीतून तिच्याकडं पाहत राहिले. मग बाजेखालची पेटी पुढं ओढून त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली.

आता खोली भाड्यानं देण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कारकून येऊ लागले. यायचे, उंबऱ्यातच नाक वर करायचे, आणि "कळवतो" म्हणून जायचे. शेणाचा वास! मी रोज संध्याकाळी फिनेल टाकून फरशी घासायचो, धूप जाळायचो. झोपताना खोली अशी स्वच्छ की मीच तिथं भाड्यानं राहिलो असतो. सकाळी पुन्हा वास! बांधकाम खात्याचा एक बाबू तर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "इथं जनावरं आहेत का अजून?"

"न्हाईत हो!"

"मग तुम्हाला वास येत नाही?"

मला खरंच येत नव्हता. इतक्या दिवसांत माझं नाक सरावलं होतं. कमल म्हणाली, "त्या बैलाचा जीव अडकला असंल हितं." आणि तिनं खोलीच्या दाराला लिंबू बांधलं. वासावर परिणाम नाही.

अप्पा मात्र आमच्या ह्या त्रासात कुठं नव्हते. उजाडता उजाडता ते महादेवाच्या दर्शनाला जायचे आणि परत येताना बेलाची टोपली ओल्या फडक्यानं झाकून आणायचे. कमल दारातच त्या टोपलीला हात लावून तो हात डोळ्यांना लावायची. दुष्काळात एवढा ताजा बेल अप्पांना मिळतो कुठून, ह्याचं मला कौतुक वाटायचं.

एके दिवशी मी लवकर उठलो. म्हटलं, आज सकाळचीही फरशी घासावी. समोरच्या खोलीचं दार ढकललं. अप्पा बाजेखाली ओणवे झाले होते. शेजारी टोपली, टोपलीत शेण. छावणीचं, ताजं. अप्पा एका हाताने बाजेचा खूर धरून दुसऱ्या हाताने भिंतीच्या कडेकडेनं ते नीट सारवत होते.

"अप्पा, काय करून राहिला तुम्ही!"

अप्पांनी वर पाहिलं. पकडले गेले म्हणून घाबरले नाहीत. फक्त हात थांबला.

"मला मुखेडला जायचं न्हाई रे, मन्मथा," ते म्हणाले.

एवढे दिवस त्यांनी एकदाही हे म्हटलं नव्हतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. बाहेर टँकरची रांग लागत होती, घागरी आपटत होत्या. मी खाली बसलो.

"अप्पा," मी म्हणालो, "खिडकीखालचा कोपरा राहिला."

मग आम्ही दोघांनी मिळून तो सारवला. पेटीतले कपडे मीच परत दांडीवर टाकले. (कमलला टोपलीचं कळलं तेव्हा तिनं चार दिवस डोळे धुतले आणि आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. अप्पांशी नाही. माझ्याशी!)

राहिला प्रश्न पट्टीचा. आमच्या घराला एक माडी आहे, तिला मागून वेगळा जिना आहे. तिथं मी आणि कमल झोपायचो. ती भाड्यानं देता येईल, हे इतके महिने माझ्या डोक्यात कसं आलं नाही, ते विचारू नका. कमलनं विचारलं होतं. आम्ही खाली समोरच्या खोलीत, अप्पांच्या बाजेशेजारी अंथरूण टाकू लागलो, आणि माडीत तोच बांधकाम खात्याचा बाबू राहायला आला. खूश होता. एकदा मी जिन्याखाली उभा असताना तो वर आपल्या पाहुण्याला सांगत होता, "जागा एकदम झकास आहे हो. फक्त खाली मालक राहतात ना, त्यांचा वास येतो."