सानिया आणि ट्रकची ट्यूब

मंडळी, आजचा प्रसंग सांगतो.

आज पांढरकवड्याच्या वाचनवर्गात मी एका जुन्या अमेरिकन लेखकाची, तराफ्यावरून केलेल्या नदीप्रवासाची गोष्ट सांगितली आणि मुद्दाम ऐन पुरात थांबवली. मग मुलं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काड्यांचे छोटे तराफे करू लागली.

तेवढ्यात वर्गातली सानिया दिसेना. शेजारच्या तिच्या वडिलांच्या पंक्चर दुकानातली ट्रकची ट्यूबही गायब. तिचे वडील आणि मी तलावाकडे धावलो. ट्यूब धरून ती कमरेइतक्या पाण्यात होती.

मी ओरडणार, तोच वडील हळूच म्हणाले, "बेटा, उसमें हवा कम है. ला इधर, भर देता."

ती परत आली. तिला घट्ट धरून ते मला म्हणाले, "सर, पुढं काय झालं ते आजच सांगून टाका. नाही तं हे पोरगी पुन्हा जाईन पाहाले."

काठावर बसूनच गोष्ट पूर्ण केली. मुलांसमोर गोष्ट कुठे थांबवावी, तुम्हीच सांगा.