चौकट सरळच होती

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आईनं जेवता जेवता मामाचं गाऱ्हाणं सांगितलं.

"तुझ्या मामानं चौकट वाकडी बसवली गं. मधीच पोट आल्यागत दिसतीया."

मामा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. गवंडीकाम करतो. माझे वडील गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यानंच आईला दोन खोल्यांचं घर बांधून दिलं. शेजारच्या गावाहून रोज मोटारसायकलवर यायचा आणि दिवस मावळेपर्यंत राबायचा. त्या घराविषयी वाकडा शब्द आईच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी दाराकडं पाहिलं. चौकट मला सरळ दिसली.

"दोन वर्षं दिसली नाही, आणि आजच बरी दिसली?"

"लाकूड फुगलं आसंल. पर वाकडी हाय."

मी शिरवळच्या एका कंपनीत नोकरी करते. औंधच्या अलीकडच्या आमच्या गावी सुट्टीलाच जाणं होतं. त्यामुळं मी तो विषय तिथंच सोडून दिला. आईनं मात्र सोडला नाही. शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं बाजारात कुणाला तरी, आणि फिरत फिरत ते मामाच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी तो हत्यारांची पिशवी घेऊनच आला. पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही.

"आक्का, चाळीस वरसं काम करतुय. कुठं वाकडी हाय, दाव."

त्यानं ओळंबा काढला. दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन चौकटीलगत सोडलं, हलायचं थांबू दिलं आणि एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघितलं. दोरी आणि लाकडात कुठंही तसूभर फरक नव्हता.

"बघ आता."

आई जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली.

"आरं, तुझी दोरीच वाकडी हाय की."

मला हसू आलं. मामाला आलं नाही. तो म्हणाला, "आक्का, वजन लावलेली दोरी वाकडी कशी आसंल गं? माझ्यावानी एक डोळा झाकून बघ."

आईनं तळव्यानं उजवा डोळा झाकला. "आता नीट दिसती." मग डावा झाकला, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आता परत वाकडी. मधी तर दोरीच न्हाई."

आपलं काम बिनचूक ठरलं म्हणून मामा खूश होईल असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा पार उतरला. त्यानं ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला आणि मला म्हणाला, "उद्या रजा टाक. डोळं दावाय पायजेत."

मलाही तेव्हा एक गोष्ट आठवली. महिनाभरापूर्वी आई फोनवर म्हणाली होती, दिव्याच्या मधोमध काळं दिसतंय. मी तिला दिवा पुसायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कराडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलीनं आईला खुर्चीत बसवून एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली. आई चौथी शिकलेली. डाव्या डोळ्यानं तिनं खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचलं. उजव्यानं मोठं अक्षरही तिला मान तिरकी करून शोधावं लागलं. मग डॉक्टरबाईंनी तिच्या हातात बारीक चौकटी आखलेला एक कागद दिला.

"मावशी, मधल्या टिंबाकडं बघा. रेघा कशा दिसतात?"

"हितनं चुरगाळल्यात," आई बोट फिरवत म्हणाली. "आन् टिंब कुठाय?"

बाहुली मोठी व्हायचे थेंब घातले. ते चुरचुरले तशी आईनं माझा हात घट्ट धरला. अर्ध्या तासानं तिला स्कॅनच्या मशीनपुढं बसवलं. हनुवटी टेकवायची, कपाळ लावायचं आणि आतल्या हिरव्या खुणेकडं बघत राहायचं, एवढंच काम. ना सुई, ना काही दुखणं. मिनिटाभरात झालं. "झालं व्हय?" आईनं दोनदा विचारलं.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. आधी डाव्या डोळ्याचं. एकावर एक नीट बसलेले थर आणि मध्ये छोटीशी खोलगट जागा. मग उजव्याचं. त्यात मधला भाग वर उचलला गेला होता आणि त्याच्या खाली काळी पोकळी होती.

त्या काही सांगायच्या आतच मामा पुढं वाकला. "बाई, आमच्यात गिलावा आसा फुगतो. आतनं ओल आली की."

डॉक्टरबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. "अगदी तसंच आहे. डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढल्यात. त्या पाझरतात. वरून बघून मला अंदाज आला होता, पण पाणी किती आणि कुठं साठलंय ते या स्कॅनमध्ये कळतं. वयानं होतं हे. वेळेत आलात."

उपाय होता डोळ्यात इंजेक्शन. डोळा बधिर करून, दर महिन्याला एक, आणि दर वेळी आधी स्कॅन. ते ऐकल्यावर आई तडक उठून बाहेर आली. बाहेरच्या बाकड्यावर ती मामाकडं तोंड करून बसली.

"डोळ्यात सुई घालत्यात रं."

"व्हय."

"तू काय म्हणतोस?"

"ओल लागलेली भिंत आपुन ठिवतो का तशीच?"

आई म्हणाली, "तुझ्या कामाला नावं ठिवली मी. गावभर."

"ऱ्हाऊ दे गं," मामा म्हणाला. तो उठून उगीचच नळाकडं गेला.

तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरबाईंनी पहिला आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावले. फुगवटा बराच खाली बसला होता. पूर्वीसारखं सगळं दिसणार नाही, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं. त्या डोळ्यानं सुईत दोरा अजूनही जात नाही. पण रेघा पुष्कळ सरळ झाल्यात, आणि डावा डोळा चांगला आहे. रोज चहा झाला की आई एकेक डोळा झाकून तो चौकटींचा कागद बघते आणि फोनवर मला सांगते, "हाय तसंच हाय."

सख्ख्या भावंडांनीही एकदा तपासून घ्यावं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मामानं स्लॅबचं काम सांगितलं, मग लग्नसराई सांगितली. शेवटी गेल्या महिन्यात आईनंच त्याला एसटीत बसवून नेलं. मीही गेले. त्याचे दोन्ही पडदे ठणठणीत निघाले.

बाहेर आलो तर ऊन रणरणत होतं. थेंबांमुळं मामाला डोळे उघडवेनात, नुसतं पाणी गळत होतं. आईनं त्याच्या टोपीवरून आपला पदर डोळ्यांपुढं ओढला आणि त्याचं मनगट धरलं.

"पाय उचल. पायरी हाय."

साठीचा माणूस, पण लहान पोरासारखा मुकाट्यानं तिच्यामागं चालत राहिला. स्टँडवर मी तिघांसाठी उसाचा रस सांगितला. त्याच्या हातात ग्लास नीट बसेपर्यंत आईनं आपला हात सोडला नाही.