खुंट्यांची परीक्षा

ज्या खोलीत माणसं तपासली जातात, तिथे किस्से आपोआप साठतात. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पिंपरीला नव्यानेच निघालेल्या पंपांच्या कारखान्यात मी भरतीचा कारकून होतो. माझ्या टेबलावर एक फळी, पन्नास खुंट्या आणि एक स्टॉपवॉच. किस्से मात्र खुंट्यांपेक्षा जास्त जमले!

*

आमचे साहेब ही परीक्षा मुंबईहून शिकून आले होते. फळीच्या पन्नास भोकांत तीन मिनिटांत जमतील तितक्या खुंट्या बसवायच्या. जितक्या खुंट्या तितके मार्क, आणि ज्याचा हात चलाख तो कामगार चांगला. मी एकदा गुपचूप स्वतःच बसून पाहिलं. एकवीस झाल्या. तेव्हापासून मी उमेदवारांशी जरा आदराने बोलू लागलो.

*

पहिल्याच दिवशी दापोडीचा एक फुलवाला आला. हार गुंफणारी बोटं ती! पन्नासच्या पन्नास बसवून वर वीस सेकंद शिल्लक ठेवले. साहेब खूश. रुजू व्हायच्या दिवशी मात्र तो आलाच नाही. धंदा बरा चाललाय, नुसती गंमत बघायला आलो होतो, असा त्याने निरोप धाडला.

*

सगळ्यांत खाली आला कोंडिबा, इथलाच शेतकरी. त्याची जमीन कारखान्यात गेली होती. आमची भरतीची शेडसुद्धा त्याच्याच ज्वारीच्या रानात उभी होती.

प्रत्येक खुंटी बसवली की तो ती हलवून बघायचा, मनाजोगती नसली तर काढून पुन्हा बसवायचा. मधेच एका भोकाशी अडून बसला. मी घंटी मारली तेव्हा अकरा झाल्या होत्या. जमिनीच्या बदल्यात त्याला सहा महिने कच्चा म्हणून घेतला. "आता रान न्हाई, बैल बी इकलं," एवढंच तो जाताना मला म्हणाला.

*

साहेब शास्त्राचे पक्के. परीक्षा खरी की खोटी, हे पुढचं काम बघूनच ठरणार, असं त्यांचं म्हणणं. सहा महिन्यांनी त्यांनी फोरमन जाधवांना प्रत्येकाच्या कामाला मार्क द्यायला सांगितले. परीक्षेचे आणि कामाचे मार्क जुळले तर परीक्षा खरी, आणि तळातले तिघे घरी.

जाधवांनी माझ्याकडे परीक्षेची यादी जरा बघायला मागितली. मी दिली, हा माझा गाढवपणा. दुसऱ्या दिवशी त्यांचे मार्क आले आणि साहेब खुर्चीतून उठलेच. इतका मेळ मुंबईतही बसत नाही म्हणाले. नोटिसा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं.

कोंडिबाची नोटीस टाइप केली, पण सहीला न्यावीशी वाटेना. उगाच जाधवांची यादी वरपर्यंत चाळली. पहिला नंबर, पन्नासपैकी एकोणपन्नास, शेरा 'मेहनती व वक्तशीर'. नाव त्या फुलवाल्याचं!

यादी आणि ती नोटीस घेऊन मी साहेबांकडे धावलो. जाधवांना बोलावणं गेलं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या शास्त्रापुढं मी कशाला वेगळे मार्क देऊ?"

*

मग साहेबांनी नवी रीत काढली. नावं नकोत, परीक्षेचे मार्क नकोत. तपासणीतून कुणाचे किती पंप परत आले, तेवढंच टोकन नंबराप्रमाणे मोजायचं. एका नंबराचा सहा महिन्यांत एकही पंप परत आला नव्हता. साहेबांनी रजिस्टर उघडून नाव पाहिलं आणि टाइप केलेली नोटीस माझ्या हातात फाडायला दिली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कागद फाडला नव्हता. चांगले आठ तुकडे केले.

*

कायम झाल्याचं पत्र घ्यायला कोंडिबा आला. पत्राची घडी करून त्याने टोपीत ठेवली, पण हलेना. टेबलावरच्या फळीकडे बघत राहिला. साहेबांनी मान डोलावताच पुढे झाला आणि त्या दिवशी अडला होता त्याच भोकावर त्याने बोट ठेवलं. साहेब चष्मा पुसून वाकले.

"ह्ये भोक तिरकं पडलंय, साहेब. त्या दिशीच सांगनार व्हतो, पर ह्यांनी घंटी मारली."