विश्वनाथ आणि विश्वनाथराव

मित्रांनो, देऊळगाव राजातल्या ज्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर मी बनवलं, तिथून आत्ताच घरी आलो. मन थाऱ्यावर नाही.

सकाळी अपघातात सापडलेल्या एका माणसाला तिथं आणलं. त्याची बहीण अमडापूरहून धावत आली. काउंटरवरच्या मुलीनं 'विश्वनाथ' टाइप केलं. असा पेशंट नाही, असं उत्तर आलं. मोठ्या दवाखान्यात हलवलं असेल म्हणून बाई जालन्याच्या बसमध्ये बसली.

तो इथंच होता. नोंद 'विश्वनाथराव' अशी झाली होती.

प्रोग्रॅमिंगमधल्या डिक्शनरीला पूर्ण नाव दिलं की क्षणात माहिती मिळते, पण एक अक्षर चुकलं तर काहीच मिळत नाही. डेटाबेसमध्ये नोंदी शोधायला जो इंडेक्स, म्हणजे सूची, लागते, तिचा 'हॅश' हा प्रकारही तसाच. वेगाच्या हौसेपायी मी तोच घेतला. 'बी-ट्री' हा दुसरा प्रकार नावं क्रमानं ठेवतो. त्यात 'विश्वनाथ'पासून सुरू होणारी सगळी नावं ओळीनं सापडली असती.

जालन्यात तिला नातेवाइकांचा फोन लागला, भाऊ देऊळगाव राजातच आहे असं कळलं, तेव्हा ती परत फिरली. तोवर भावाला ऑपरेशनला नेलं होतं. नेताना तो "अक्का आली का?" असं विचारत होता, हे मला नर्सनं सांगितलं. तो अजून शुद्धीवर नाही.

मी अक्कांना माझी चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाबू, त्यानं मले इचारलं होतं काय रे?"

"नर्सला विचारून सांगतो," असं म्हणून मी तिथून निघून आलो.

माझ्या जागी तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?